इटलीच्या टेकडीवर माणगावचा यशवंत

इटली म्हटलं की काय आठवतं? पिझ्झा, व्हेनिस, पिसाचा कलता मनोरा. बॉसला पटवून मिळवलेल्या आठ दिवसांच्या रजेत बहुतेक जण एवढंच उरकतात. पण रोम-फ्लोरेन्सच्या धावपळीत एक दिवस काढता आला, तर उंब्रियातलं मॉन्टोने गाठाच.

टेकडीवरचं मध्ययुगीन गाव. भोवती तट, आत दगडी घरं आणि अरुंद चढ-उताराच्या गल्ल्या. पंधराव्या शतकात दरारा असलेला सेनापती ब्राच्चो याच गावच्या घराण्यातला. मी पडले दांडीची! आमच्याकडे समोर समुद्र, मागे बोईसर-तारापूर, चढ म्हणून नाही. दम लागला, पण वरून टायबरचं हिरवंगार खोरं दिसलं आणि तोंडातून निघालं, ‘सही!’

खरा धक्का पुढे होता. इथे सूर्यघड्याळाच्या रूपात एक स्मारक आहे, जुलै २०२३ मध्ये उभारलेलं. नाव कुणाचं? यशवंत घाडगे! माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे.

१० जुलै १९४४. टायबरच्या या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. नाईक घाडगेंचे सगळे सोबती ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच धावले, ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्यांवर तुटून पडले. मग शत्रूच्या गोळ्यांनी कोसळले. वय फक्त २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

‘इंग्रजांसाठी लढले, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणणारे भेटतात. प्रश्न चुकीचा नाही. ‘चले जाव’ला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पण इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान गेले. त्यांना विसरून हा हिशोब कसा सुटणार?

घाडगेंची कबर कुठे आहे, कुणाला माहीत नाही. कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. आमच्या दांडीसारख्या गावांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, तर घरच्यांना शेवटचं दर्शनही मिळत नाही. मग उरतं ते नाव, आणि ते घेणारं कुणीतरी.

मॉन्टोनेने ७९ वर्षांनी ते घेतलं. व्हिसाची कटकट नको असेल तर गोवा हायवेवर माणगाव आहेच. तिथे घाडगेंचा पुतळा आहे. ट्रॅफिकमध्ये अडकणारच आहात, दोन मिनिटं उतरा की!