शांत वाटेचे मोल

आल्प्स पर्वतातील सायकलप्रवास म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घामाने निथळणारे शर्यतपटू आणि नागमोडी घाट उभे राहतात. उत्तर इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड तर त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. २,७५७ मीटर उंचीच्या या खिंडीकडे प्राड गावाच्या बाजूने चढताना ४८ तीव्र वळणे लागतात. उन्हाळ्यात त्या वळणांवर मोटारसायकलींची घरघर दिवसभर थांबत नाही. परंतु त्याच प्राड गावापाशी, घाटाच्या पायथ्याशी, एक अरुंद वाट खोऱ्यातून मुकाट्याने पुढे जाते. तिला विक्रमाची हौस नाही. साठी ओलांडलेली जोडपी, लहान मुलांना मागच्या आसनावर बसवलेले आईवडील, मळ्याकडे निघालेले शेतकरी अशी माणसे तिच्यावर भेटतात. दम लागला तर थांबावे, थांबल्यावर इकडेतिकडे पाहावे, आणि मग निघावे, असा तिचा शिरस्ता आहे.

ही वाट दक्षिण टिरोल प्रांतातील फिन्शगाउ खोऱ्याची. इटालियन भाषेत याच खोऱ्याला वाल वेनोस्ता म्हणतात. येथील गावांना दोन दोन नावे आहेत, कारण पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. सीमेजवळ सुमारे १,५०० मीटर उंचीवर रेशेन खिंड आहे आणि तिच्या परिसरातच आडिजे नदीचा उगम होतो. खिंडीपासून मेरान शहरापर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा सायकलमार्ग नदीच्या सोबतीने उतरतो. मेरानची उंची सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ १,२०० मीटरांचा उतार प्रवाशाच्या पदरात आयताच पडतो. अर्थात मधूनमधून छोटे चढ येतात, काही ठिकाणी डांबराऐवजी खडी लागते, आणि वरच्या टप्प्यात उतार इतका तीव्र आहे की निघण्यापूर्वी ब्रेक तपासून घेणेच शहाणपणाचे.

चढाची चिंता रेल्वेने मिटवली आहे. मेरान ते माल्स हा सुमारे ६० किलोमीटरचा लोहमार्ग १९०६ मध्ये सुरू झाला. १९९० च्या सुमारास त्यावरील गाड्या बंद झाल्या आणि रुळांमध्ये गवत माजले. पुढे प्रांतिक सरकारने तो मार्ग हाती घेऊन दुरुस्त केला व २००५ मध्ये गाड्या पुन्हा धावू लागल्या. आज स्थानकावरच सायकल भाड्याने मिळते, आणि ती खालच्या दुसऱ्या स्थानकावर परत करता येते. माल्सहून खिंडीपर्यंत बस जाते. त्यामुळे एखाद्याने निम्म्या वाटेवर हात टेकले, तरी त्याची फजिती होत नाही. जवळचे स्थानक गाठून तो गाडीत बसतो. वृद्धांना आणि मुलांना या वाटेवर निर्धास्तपणे येता येते, त्याचे निम्मे श्रेय या रेल्वेला द्यावे लागेल.

खिंडीतून निघालेल्या प्रवाशाला प्रथम लागतो तो रेशेनचा विस्तीर्ण तलाव. त्याच्या पाण्यातून चौदाव्या शतकातील एका चर्चचा दगडी मनोरा एकटाच वर आलेला दिसतो. त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. पण मनोऱ्याचे गाव कोठे गेले, हा प्रश्न छायाचित्रात मावत नाही. विजेसाठी धरण बांधून येथले दोन नैसर्गिक तलाव एक करण्यात आले आणि पाण्याची पातळी २२ मीटरांनी वाढवली गेली. १९५० च्या उन्हाळ्यात पाणी चढले. १६३ घरे आणि ५२३ हेक्टर जमीन त्याखाली गेली. ग्राउन हे गाव तर मूळ जागेवरून पुसलेच गेले. पिढ्यान्‌पिढ्या गाईगुरांवर जगणाऱ्या कुटुंबांची कुरणे गेली, आणि कुरणे गेल्यावर गुरे ठेवायची कोठे? मिळालेली भरपाई तुटपुंजी होती. काहींनी वरच्या अंगाला नवे घर बांधले, अनेकांनी खोरेच सोडले. हिवाळ्यात तलाव गोठला की बर्फाखालून घंटानाद ऐकू येतो, अशी दंतकथा येथे सांगतात. प्रत्यक्षात मनोऱ्यातील घंटा पाणी चढण्यापूर्वीच उतरवून घेतल्या होत्या. सायकलमार्ग या तलावाच्या काठानेच जातो. वाट नितळ आहे, हवा थंड आहे, आणि डोळ्यांसमोर एका गावाची थकबाकी उभी आहे.

तलाव मागे पडल्यावर माल्सचा पठारी उतार सुरू होतो. एके काळी हे खोरे टिरोलचे धान्यकोठार म्हणून ओळखले जाई. आजही येथील बेकरीत राईच्या पिठाची जोडभाकरी मिळते. दोन गोल चपट्या भाकऱ्या एकमेकींना चिकटवूनच भाजायच्या, ही जुनी रीत. तिच्यात घातली जाणारी एक सुगंधी वनस्पती मेथीच्याच कुळातील आहे, हे कळल्यावर मराठी माणसाला परक्या मुलखातही घरच्या डब्याची आठवण यावी. सोबत खोऱ्यातील जर्दाळू किंवा सफरचंद असले की शाकाहारी प्रवाशाची दुपार सुखाने निभावते.

थोडे खाली ग्लुर्न्स लागते. जेमतेम नऊशे वस्तीचे हे नगर, पण त्याला चारी बाजूंनी तट आहे आणि आत ठेंगण्या कमानींखाली दुकाने आहेत. मध्ययुगात उत्तरेकडून येणाऱ्या मिठाचा व्यापार या पेठेतून चाले. त्याहूनही पूर्वी, पहिल्या शतकात, रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात पूर्ण झालेला डॅन्यूब नदीकडे जाणारा राजमार्ग याच खोऱ्यातून जात होता. दोन हजार वर्षे जी वाट मालवाहू जनावरांची, गाड्यांची आणि सैन्यांची होती, तिच्याच आसपासून आज सायकली जातात. त्यापुढे लास गाव आपल्या शुभ्र संगमरवरासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवरील हजारो क्रूस या दगडातून घडले.

लासपासून खाली सफरचंदांच्या बागा दोन्ही बाजूंनी वाटेला येऊन भिडतात. येथे एक गोष्ट ध्यानात येते. हा सायकलमार्ग बव्हंशी कोणा पर्यटकासाठी नव्याने कोरलेला नाही. नदीचा बांध, मळ्यांतील गाडीवाट, दोन गावांना जोडणारा जुना रस्ता असे तुकडे जोडून तो सिद्ध झाला आहे. ट्रक आणि मोटारींची वर्दळ बाजूच्या महामार्गावर राहते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळतोडणीच्या दिवसांत, सफरचंदांची खोकी भरलेले ट्रॅक्टर याच वाटेवर येतात. अशा वेळी सायकलस्वाराने कडेला उभे राहायचे असते. वाट त्याला वापरायला मिळाली आहे, मालकीची झालेली नाही.

या हिरवाईमागचे गणित त्याहून विलक्षण आहे. चहूबाजूंच्या उंच पर्वतांमुळे फिन्शगाउ पर्जन्यछायेत येते. आल्प्समधील अतिशय कोरड्या खोऱ्यांत त्याची गणना होते आणि पाऊस वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटरच पडतो. दक्षिणेकडे तोंड असलेला डोंगर उन्हाने करपून पिवळा पडलेला, तर समोरचा सावलीचा डोंगर गर्द वनाने झाकलेला, असे दुहेरी दृश्य प्रवासाच्या बहुतांश भागात सोबत करते. येथे शेती टिकली ती पाटांमुळे. हिमनद्यांचे आणि ओढ्यांचे पाणी वळवून, कड्यांच्या कुशीतून कोरून, लाकडी पन्हळींतून नेऊन मध्ययुगापासून लोकांनी ते शेतापर्यंत आणले. पाणी पाळीने मिळे, आणि प्रत्येकाच्या पाळीचे तास ठरलेले असत. पाटावर देखरेख करायला पाटकरी नेमलेला असे.

या पाटकऱ्यांची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाहत्या पाण्यात एक लहान लाकडी चाक बसवायचे, त्या चाकाने एक हातोडी उचलायची आणि ती घंटेवर आपटायची. पाणी वाहते तोवर घंटा वाजत राही. रात्री झोपेतसुद्धा पाटकऱ्याचे कान तिकडे असत. घंटा थांबली, की कोठेतरी दरड कोसळली किंवा पालापाचोळा अडकला हे ओळखून तो कंदील घेऊन निघे. आता बहुतेक बागांना नळांनी पाणी मिळते आणि पुष्कळ पाट बुजले. तरीही काही पाट गावांनी जपले आहेत. त्यांच्या कडेच्या पायवाटा चालणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून सायकल खाली ठेवूनच तेथे जावे लागते. एखाद्या पाटावर ती लाकडी चाकाची घंटा आजही टण्‌टण्‌ वाजताना ऐकू येते.

एकाच खोऱ्यातल्या या दोन घंटा. वरच्या मनोऱ्यातील घंटा पाण्याने कायमची मुकी केली, खालच्या पाटावरची घंटा पाण्यानेच बोलती ठेवली. दोन्हीकडे पाणी डोंगरातलेच. पण एकीकडे त्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि किंमत गावाने मोजली. दुसरीकडे गावाने ते आपसांत वाटून घेतले, राखले, आणि रात्री-बेरात्री उठून त्याची वाट मोकळी केली. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ साफ करून ती पुन्हा चालवणाऱ्यांच्या आणि मळ्याच्या वाटेवर परक्यांना येऊ देणाऱ्यांच्या वृत्तीत त्या पाटकऱ्याचाच वारसा दिसतो. शांत वाट निसर्गाकडून फुकट मिळते असा प्रवाशाचा समज असतो. पण तिच्या खात्यावर कोणाचे तरी श्रम रोज जमा होत असतात, तेव्हाच ती चालू राहते.

टोल या ठिकाणी खोरे एकदम खाली झेप घेते आणि काही वळणांनंतर मेरानची घरे दिसू लागतात. तेथील जुन्या बाजारपेठेत कमानींची लांबच लांब रांग आहे. दुकानांची तोंडे अरुंद आणि आतली खोली मात्र दूरवर गेलेली. व्यापारी कुटुंबातील वाचकाला ती रचना सांगावी लागणार नाही. सायकल स्थानकावर परत करून प्रवासी तेथे येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा एखादी राईची भाकरी उरलेली असते. कमानीखाली बसून ती खाताना त्याने निदान एवढा हिशेब मनाशी मांडावा, की आज ८० किलोमीटर आपण ज्यांच्या वाटेवरून आलो, त्यांपैकी कितीजणांसाठी आपण कडेला थांबलो.