कार्तिकातील पाहुणे : लकडगंज ते नवेगावबांध

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. लकडगंजचे श्रावक त्यांना निरोप देत असतात, त्याच दिवसांत विदर्भाच्या तळ्यांवर दुसरे पदयात्री नव्हे, पंखयात्री मुक्कामाला उतरलेले असतात. सायबेरिया, मंगोलिया आणि तिबेटकडील पाणी गोठू लागले की ही बदके व हंस दक्षिणेची वाट धरतात.

लकडगंजच्या लाकूडबाजारापासून जवळच असलेला भंडारा मार्ग त्यांच्या दारी नेतो. पारडी, मौदा मागे पडले आणि भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, की दोन्ही अंगांना कापणीला आलेले धान दिसू लागते. साकोली, कोहमारा करीत सुमारे तीन तासांत नवेगावबांध येते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी येथे बांध घातला. सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या सरोवराभोवती ‘सात बहिणी’ नावाच्या टेकड्या आहेत आणि मधोमध एक बेट. पाणी चढले की तेही कधीकधी बुडते. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकामुळे हे सरोवर मराठी घरांत पोहोचले.

सकाळच्या धुक्यात काठावर स्थिर बसणाऱ्याला पक्षी ओळखू येतात. टोकदार शेपटीचा तो तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा तो थापट्या. विदर्भाच्या जलाशयांवर येणारा पट्टकादंब मात्र या साऱ्यांत विलक्षण. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. चीनमधील छिंगहाय सरोवरासारख्या उंचावरील जलाशयांच्या बेटांवर तो घरटी करतो आणि हिमालय ओलांडताना ७००० मीटर उंचीपर्यंत गेल्याची नोंद आहे.

पक्ष्यांना दाणा घालणे जैन घरांना नवे नाही. राजस्थानातील खिचन गावी व्यापारी कुटुंबांच्या दानातून कांड्या करकोच्यांसाठी रोज ज्वारी पसरली जाते; २०२५ साली ते स्थळ रामसर यादीत आले. नवेगावच्या बदकांना मात्र दाणा नको. त्यांना पाणवनस्पतींचे कंद, बिया आणि उथळ, मोकळा काठ हवा. बेशरमच्या झुडपांनी काठ व्यापला की हे अन्नच नाहीसे होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतील बेशरम उपटून तेथे देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांची उपजीविका मासेमारीची आहे, त्यांचा आचार वेगळा आहे. तरी पक्ष्यांसाठी काठ राखला तो त्यांच्याच हातांनी. अहिंसेचा विचार बाळगणाऱ्या प्रवाशाने तेथे ही गोष्टही पाहावी आणि आपले दान कशासाठी द्यावे, याचा निर्णय मग करावा.

उन्हाळा लागण्यापूर्वी पाहुणे उत्तरेला परततात. काठ मोकळा राहिला, तरच पुढच्या कार्तिकात त्यांना उतरायला जागा असेल.