मान होता, हिस्सा नव्हता

काशीत होडीतून घाट बघायला निघालं की आमच्या पिढीची मान आपोआप वर व्हायची. भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट आणि पेशव्यांचा बालाजी घाट, सगळी घरची नावं. दगड श्रीमंतांचा, छिन्नी पाथरवटाची; मंदिर थोरामोठ्यांचं, सूर शहनाईवाल्यांचे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून रियाज करत ते याच घाटावरच्या बालाजी मंदिरात. मोठ्याने जागा द्यायची, लहानाने गुण द्यायचा, असा तो व्यवहार होता.

आज त्याच घाटासमोरून हायड्रोजनवर चालणारी नौका जाते. २४ मीटर लांब, ५० प्रवाशांची, वातानुकूलित. ११ डिसेंबर २०२५ रोजी नमो घाटावरून ती प्रवासी सेवेत आली. बांधली ‘विक्रांत’ बांधणाऱ्या कोचीन शिपयार्डने, इंधनघटाचं (फ्युएल सेलचं) तंत्र पुण्याच्या केपीआयटी कंपनीचं. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज होते आणि मागे उरतं पाणी. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांच्या साथीने हे तंत्र पुण्यात आधी मोटारीवर आजमावलं गेलं. २०२२ मध्ये बस आली, मग नौका. एवढ्या मोठ्या गोदीने पुण्यातल्या प्रयोगावर भरवसा टाकावा, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो.

आमच्या तरुणपणी मोठ्या-लहानांचं हे नातं पुण्याजवळच्या भोसरीच्या शेडमध्ये दिसायचं. मोठ्या कारखान्यातून ड्रॉइंग यायचं, आमच्या लेथवर पार्ट व्हायचा. पहिला नमुना तेलकट कागदात गुंडाळून स्कूटरवरून न्यायचा, साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यांनी व्हर्नियर लावेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. पास झाला की कँटीनचा चहा. त्या चहाची आठवण आजही हळवं करते. पण त्याच आठवणीत महिनोन्महिने अडकलेली बिलंही आहेत. कल्पना सुचवली तर उत्तर ठरलेलं असायचं, ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’. कधी ती स्वीकारली गेलीच, तर ती कारखान्याची व्हायची.

आता मोठी कंपनी आपली अडचण जाहीर करते आणि पंचविशीतली मुलं उत्तर घेऊन येतात. बजाज ऑटोने विजेच्या दुचाकी भाड्याने देणाऱ्या ‘युलू’त पैसे घातले, भारत फोर्जने विजेच्या मोटरसायकली बनवणाऱ्या पुण्याच्या ‘टॉर्क’मध्ये. संशोधनाचा हक्क कुणाचा, हे आधी लिहून घेता येतं. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरीही स्क्रीनवरचं दहा मिनिटांचं सादरीकरण संपलं की सगळे आपापल्या खिडक्या बंद करतात, तेव्हा वाटतं, या मुलांना तो चहा मिळायला हवा होता. नमुना हातात घेऊन ‘इथे का फसलं?’ म्हणून विचारणारा माणूस त्या चहाबरोबर भेटायचा.

गंगेवरही असा माणूस असायचा. भाव ठरायचा, होडीत बसताना गंगेचं पाणी डोळ्यांना लावलं जायचं आणि मग वल्ही मारता मारता नावाडी एकेका घाटाची कथा सांगायचा. पाणी कुठे ओढ घेतं, पूर कुठल्या पायरीपर्यंत चढतो, हे त्याला तोंडपाठ असे. मात्र त्याचे हात सोलवटलेले असत आणि घासाघीस करून आम्ही त्याचे दोन रुपये कमी केलेले असत.

त्या कथा हायड्रोजनने बंद पाडल्या नाहीत. डिझेलच्या इंजिनाने त्या केव्हाच बुडवल्या. धडधडीत कुणाचं बोलणं ऐकू येणार? पुढे ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या पैशातून कितीतरी होड्या सीएनजीवर आल्या आणि धूर कमी झाला. आता इंधनघटाच्या नौकेला तर धडधडणारं इंजिनच नाही. पुन्हा बोलता येईल एवढी शांतता यंत्रानेच परत दिली आहे.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे: गोदी आणि तंत्रज्ञ यांच्या करारात निषाद समाजातल्या नावाड्याचीही सही असावी. नदी त्याला ठाऊक आहे, आणि गंगेवरच्या कुठल्याही नव्या प्रयोगाला ते ज्ञान लागणारच. जुन्या काळी त्याला मान होता, हिस्सा नव्हता. आज हिस्सा लिहून देण्याची सोय आहे. ती वापरली, तर जुन्यापेक्षा नवं चांगलं, असं आमची पिढी निःशंकपणे म्हणेल.