पावनखिंडीची पाऊलवाट

संस्कृत आणि इतिहास ह्या दोन विषयांचा शिक्षक म्हणून मी ३४ वर्षे नोकरी केली, आणि त्यांपैकी एकही वर्ष असे गेले नाही की ज्या वर्षी बाजीप्रभूंचा धडा मी शिकविला नाही. तो धडा शिकविताना माझा आवाज आपोआप चढत असे. मुले तल्लीन होत, एखाद्याचे डोळे पाणावत, आणि तास संपल्यावर मी समाधानाने घोटभर पाणी पिऊन पुढील वर्गावर जात असे. परंतु ज्या वाटेचे मी एवढ्या आवेशाने वर्णन करी, ती वाट मी स्वतः कधी चाललो नव्हतो. ऐतरेय ब्राह्मणात इंद्राने रोहितास सतत चालत राहण्याचा उपदेश केला आहे. तोही मी वर्षानुवर्षे खुर्चीवर बसूनच समजावून सांगितला.

हा दोष गेल्या आषाढात थोडासा तरी धुऊन निघाला, त्याचे श्रेय माझ्या नातीकडे जाते. पावसाळ्यात पन्हाळगड ते पावनखिंड अशी पायी मोहीम निरनिराळ्या संस्था योजीत असतात. तशा एका मोहिमेत तिने आपले नाव घातले आणि मला न विचारताच माझेही घालून टाकले. घरात एकच गहजब झाला. धाकट्या बंधूंनी माझ्या वयाचा आकडा दोनदा मोठ्याने उच्चारला. थोरल्या सूनबाईंनी गुडघ्याची आठवण करून दिली. सौभाग्यवती मात्र एवढेच म्हणाल्या, "इतकी वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना तिकडे धाडलेत, आता एकदा स्वतः जाऊन या." ह्या वाक्यावर कोणाचे काही चालले नाही.

मोहिमेचे स्वरूप वाचकांस थोडक्यात सांगतो. अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे ३० मैलांहून थोडे अधिक. ते दोन दिवसांत चालावयाचे. डॉक्टरांचा दाखला आधी द्यावा लागतो. वीस-पंचवीस जणांच्या तुकड्या करितात. प्रत्येक तुकडीपुढे वाट जाणणारा एक व सर्वांत मागे एक असे दोन स्वयंसेवक असतात. मुक्काम वाटेवरील वाडीत, गावकऱ्यांच्या घरी. निघण्यापूर्वी दोन महिने मी रोज पहाटे गावाबाहेरची टेकडी चढत-उतरत होतो. कोणास जावयाचे असल्यास त्याने ही तयारी टाळू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

पन्हाळा हा मुळात पाहण्यासारखा गड आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंच, विस्ताराने प्रचंड. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखान्याची भक्कम कोठारे, आणि माझ्यासारख्याला विशेष प्रिय म्हणजे आर्यापती मोरोपंतांचे हे जन्मस्थान. १७२९ साली ते येथे जन्मले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत पन्हाळाही आहे. परंतु त्या सकाळी गड पाहावयास कोणास सवड होती? धुके एवढे दाट होते की बाजीप्रभूंचा पुतळा आम्हांस अगदी जवळ गेल्यावर दिसला. दोन्ही हातांत शस्त्रे घेतलेल्या त्या मूर्तीस वंदन करून, नारळ फोडून, आम्ही राजदिंडीच्या वाटेने खाली उतरू लागलो.

इतिहास सर्वांस ठाऊक आहे. तरी क्रम ध्यानात यावा म्हणून सांगतो. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाचा वध झाला आणि त्याच महिन्यात पन्हाळा स्वराज्यात आला. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने गडास वेढा घातला. राजापूरच्या इंग्रजांनी तर वखारीचे हित विसरून जौहरला तोफगोळ्यांची मदत केली. त्याचे फळ त्यांना पुढल्याच वर्षी मिळाले. पाऊस लागला तरी वेढा उठेना. तेव्हा १६६० च्या जुलैच्या १२ तारखेच्या रात्री महाराज निवडक सहाशे मावळ्यांनिशी पालखीतून विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या एका पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसला व शत्रूच्या हाती लागून प्राणास मुकला. सिद्दी मसूद पाठलागावर आला तेव्हा बाजीप्रभूंनी बांदलांच्या लोकांसह घोडखिंड अडविली. बाजी आणि त्यांचे बंधू फुलाजी तेथेच पडले. परमानंदांच्या शिवभारत काव्यात ह्या वेढ्याचे वर्णन आहे, आणि ते मी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना वाचूनही दाखवीत असे.

राजदिंडीची उतरण दगडी, शेवाळलेली आणि पाण्याने वाहती होती. पहिल्याच पंधरा मिनिटांत माझा पाय घसरला आणि मी बसकण मारली. नातीने हात देऊन उठविले. त्या क्षणी, कसा कोण जाणे, मला वर्गातला एक जुना प्रसंग आठवला.

सुमारे २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग होता. डोंगरातल्या एका वाडीवरून रोज दीड तास चालत येणारा एक मुलगा मागल्या बाकावर बसत असे. माझे वर्णन ऐन रंगात आले असता त्याने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, चिखलात पालखी कशी न्हेली? आन् भोई कोण होते?" वर्ग हसला. माझा रसभंग झाला होता. मी म्हणालो, "हे परीक्षेस विचारीत नाहीत. खाली बस." तो खाली बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधी हात वर केल्याचे मला स्मरत नाही.

गड उतरून चढण चढली की म्हसाईचे पठार लागते. असे पठार मी पूर्वी पाहिले नव्हते. झाडाचे नाव नाही. जांभ्या दगडाची अफाट सपाटी, तिच्यावर आखूड हिरवे गवत आणि जागोजाग साठलेले पावसाचे पाणी. एक सपाटी संपली म्हणेपर्यंत दुसरी सुरू होते. वारा असा की छत्री उघडली तर ती परत मिळावयाची नाही. म्हसाई देवीचे छोटेखानी मंदिर धुक्यातून एकाएकी पुढे आले तेव्हा सर्वांनी हुश्श केले. पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली की वाट चुकलीच म्हणून समजावे. मोहिमेत शिट्ट्या का वाजवितात, ते येथे समजते, आणि एकट्यादुकट्याने ह्या दिवसांत येथे का येऊ नये, तेही. त्या रात्री सहाशे माणसांना शिट्टी वाजविण्याची सोय नव्हती, दिवा लावण्याची नव्हती, मोठ्याने बोलण्याचीही नव्हती.

पठार उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी अशा लहान लहान वाड्या लागतात. येथून वाट म्हणजे कोठे ओढा, कोठे शेताचा बांध, कोठे झाडीतला पिवळा चिखल. भाताच्या लावणीचे दिवस. डोक्यावर इरली घेतलेल्या बायका ओणव्याने रोपे लावीत होत्या. आमच्यापैकी काही तरुण चिखल चुकविण्यासाठी बांध सोडून खाचरात उतरले, तेव्हा एक आजीबाई कंबर सरळ करून म्हणाल्या, "बाळांनू, महाराजांनी रोपं तुडिवली न्हवती." ते तरुण निमूटपणे चिखलात आले.

संध्याकाळी करपेवाडीस पोहोचलो तेव्हा माझी चाल जवळजवळ लंगडी झाली होती. आमच्या तुकडीतील सहा जणांची सोय एका शेतकऱ्याच्या घरी होती. चुलीपाशी ओले कपडे वाळत घातले, नाचणीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा खर्डा पोटात गेला, आणि जीव थाऱ्यावर आला. घरधनी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असावेत. मी शिक्षक होतो हे कळल्यावर ते मला गुरुजी म्हणू लागले. पडवीत घोंगडी पांघरून बसलो असता रस्त्यावरून गोष्ट निघाली. पक्का रस्ता येण्याआधी पावसाळ्यात आजारी माणसाला तुम्ही कसे नेत होता, असे मी सहज विचारले.

ते म्हणाले, "झोळीनं न्ह्यायचं, गुर्जी. घोंगडं बांबूला बांधायचं, त्यात माणूस निजवायचं. चौघं खांद्याला, चौघं मोकळं. मोकळ्यांनी म्होरं जाऊन पाय ठेवायची जागा बघायची. आन् खांदा दमायच्या आधी बदलायचा. दमल्यावर बदलाय गेलं तर माणूस पडतंय."

मी काही वेळ बोललोच नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मला परमानंदांच्या काव्यात शोधावे असे कधी सुचले नाही, ते ह्या गृहस्थांनी चार वाक्यांत दिले होते. पालखी एकट्याच्या बळाने जात नाही, आणि चौघांच्याही नाही. दर काही शे पावलांवर नवे खांदे हवेत, पुढे वाट चाचपणारे हवेत, मागे लक्ष ठेवणारे हवेत. ते सहाशे जण केवळ लढण्यासाठी बरोबर नव्हते. कित्येकांनी प्रथम खांदा दिला असेल आणि मग, तोच दमलेला खांदा घेऊन, खिंडीत तलवार धरली असेल. त्यांची नावे आम्ही मुलांना सांगत नाही, कारण ती आम्हांस ठाऊकच नाहीत. परंतु त्यांच्याविषयी विचारणाऱ्या मुलास खाली बसविण्याचे कारण ते होऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आंबर्डे मागे टाकून पुढे निघालो. पावसाने क्षणाची उसंत दिली नाही. झाडी दाट होत गेली. जळवांनी आपला वाटा घेतला. मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी जवळ असावी हे अनुभवाने सांगतो. माळेवाडीपर्यंत मी कसाबसा रेटले. त्याच्या पुढे मात्र उजवा गुडघा सुजून वाकेनासा झाला. जेथे वाट डांबरी रस्त्यास मिळाली तेथे मोहिमेची जीप उभी होती. मागल्या स्वयंसेवकाने अतिशय अदबीने सुचविले की काका, थोडे अंतर गाडीने या. माझा अभिमान नको म्हणत होता. नात म्हणाली, "आजोबा, खांदा दमायच्या आधी बदलायचा असतो ना?" मी गाडीत बसलो. पांढरपाण्यापर्यंतचे काही मैल मी चाललो नाही, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

पांढरपाण्यास तुकडी येईपर्यंत गुडघा बांधून घेतला, चहा घेतला, आणि शेवटचे अंतर काठी टेकीत सर्वांबरोबर पायी गेलो. पावनखिंड वरून पाहिली तर मनात भरत नाही. गर्द झाडीत जमीन एकाएकी चिरल्यासारखी दिसते एवढेच. लोखंडी शिडीने खाली उतरावे आणि दोन काळ्या कातळांमध्ये घोटाभर पाण्यात उभे राहावे, म्हणजे तिचे मर्म कळते. दोन्ही हात पसरून दोघे-चौघे उभे राहिले की वाट संपली. ओढ्याचा आवाज एवढा मोठा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. विशाळगड तेथून अजून काही मैल पुढे आहे, आणि त्याच्या पायथ्याशीही सुर्वे व दळवी ह्यांचा वेढा फोडूनच महाराजांना वर जावे लागले. म्हणजे खिंड अडविणाऱ्यांना किती वेळ टिकावयाचे आहे, ह्याचा अंदाज कोणालाही नव्हता. मी वर्गात तोफांच्या आवाजापासून सुरुवात करीत असे. तेथे उभा राहिल्यावर वाटले की खरा धडा तोफा होण्यापूर्वीच्या घटकांचा आहे. ज्या घटका मोजावयास तेथे कोणापाशी घड्याळ नव्हते.

समारोपाच्या वेळी मोहीम पूर्ण केल्याची प्रशस्तिपत्रके वाटली. माझेही नाव पुकारले गेले. मी पुढे जाऊन सांगितले की मी काही मैल गाडीत होतो, तेव्हा ह्यावर माझा हक्क नाही. आयोजक हसून म्हणाले, ह्या वयात एवढे चाललात हेच पुष्कळ. मी ते परत केले. नातीचे पत्रक मात्र आमच्या दिवाणखान्यात लावले आहे, आणि आल्यागेल्यास ते दाखविण्याचे काम मी आनंदाने करतो.

ज्या घरांत तरुण मुले-मुली आहेत त्यांनी त्यांस एकदा तरी ह्या वाटेने धाडावे. पायांत पकड असलेले बूट, कोरड्या कपड्यांचा एक जोड, आणि रोपे न तुडविण्याची बुद्धी, एवढे सामान पुरे. खाऊच्या रिकाम्या पिशव्या मात्र परत घरी आणाव्यात. वाडीच्या ओढ्यात त्या मी पुष्कळ पाहिल्या.

त्या मुलाचे नाव मला आठवते, परंतु येथे लिहीत नाही. तो आता चाळिशीच्या घरात असेल. हे पान त्याच्या हाती पडलेच, तर त्याने एवढे जाणावे की त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गुरुजींना २५ वर्षांनी करपेवाडीच्या पडवीत मिळाले, आणि तो प्रश्न परीक्षेस विचारण्यासारखाच होता.