दारातली चिऊ

मासिकाच्या मराठी विभागाला लेख देणार म्हटल्यावर आमच्या ग्रुपने आधी पोटभर हसून घेतलं. केजीपासून कॉन्व्हेंट, मराठीच्या पेपरात कायम काठावर पास, आणि विषय काय, तर बॅले! एक मैत्रीण म्हणाली, "मग इंग्लिश सेक्शनलाच दे ना." पण ही गोष्ट इंग्लिशमध्ये घडलेलीच नाही. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

दर शनिवारी सकाळी मी वांद्र्याच्या एका हॉलमध्ये जाते. माझ्या लहानपणच्या बॅले मिस तिथे ४ ते ६ वर्षांच्या मुलांचा क्लास घेतात आणि मी त्यांची असिस्टंट. असिस्टंट म्हणजे बुटांची इलॅस्टिक्स नीट करणे, सुटलेले अंबाडे बांधणे आणि 'टॉयलेट' असा आवाज आला की धावत नेणे.

बॅले म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पायाच्या अंगठ्यांवर उभी असलेली मुलगी येते. पण ते कडक बूट साधारण ११-१२ व्या वर्षाआधी देतच नाहीत. पायाची हाडं आणि घोट्यांची ताकद तयार व्हावी लागते. छोटी मुलं मऊ, सपाट बूट घालतात. ते पायाला बरोबर बसायला हवेत, पण आपले पालक शाळेच्या बुटांसारखे 'वाढत्या मापाचे' आणतात आणि मूल स्वतःच्याच बुटात अडखळतं. पावलं बाहेर वळवायची ती खुब्यापासून, गुडघ्यापासून नाही, आणि जेवढी सहज वळतील तेवढीच. इंग्रजी 'व्ही' झाला तरी पुरे. आमच्या हॉलला लादी आहे, म्हणून उड्याही मोजूनच.

एवढी थिअरी मला पाठ होती. थिअरीत मला कोणी केटी दिली नसती. मी उडाले ती प्रॅक्टिकलला.

गेल्या जूनमध्ये एक साडेचार वर्षांची मुलगी आजीबरोबर आली. तिला इथे चिऊ म्हणते. पहिल्या शनिवारी ती पूर्ण वेळ आजीचा पदर धरून दारात उभी राहिली. मिस म्हणाल्या, "असू दे." दुसऱ्या शनिवारी मिसना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या, आणि मला वाटलं, आपण करून दाखवू. "कम, डार्लिंग! यू आर अ बिग गर्ल ना?" असं म्हणत मी तिला उचललं आणि पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं.

ती रडली नाही. नुसती ताठ उभी राहिली. आणि मग तिच्या नव्या गुलाबी बुटांभोवती लादीवर पाणी पसरलं. कोणीतरी "शी" म्हणालं आणि सगळी हसायला लागली. आजी आत आल्या, स्वतःच्या रुमालाने लादी पुसली आणि मला म्हणाल्या, "चुकलं हं तिचं, बाळा." चूक माझी होती आणि माफी आजी मागत होत्या. मला तोंडातून एक शब्द काढता आला नाही.

पुढच्या शनिवारी चिऊ आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मिस रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुझी आई पाच शनिवार तुझ्या शेजारी बसली होती, आठवतं?" मला आठवत नव्हतं. घरी विचारलं तर आई म्हणाली, "पाच? सात!" मग मात्र एक गोष्ट आठवली. ज्युनियर केजीत मला 'मे आय गो टू द टॉयलेट' हे वाक्य येत नव्हतं. पुढे काय झालं ते लिहायची गरज नाही. त्या दिवशीही वर्ग हसला होता.

रात्री धीर करून आजींना फोन केला आणि आधी सॉरी म्हटलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणते मी. पण ती आत नाही आली तर चालेल ना?"

"चालेल, आजी."

चिऊ आली आणि दारातच थांबली. या वेळी मी तिथे उंबऱ्यापाशी खाली बसले आणि मराठीत बोलायला लागले. बॅलेचे सगळे शब्द फ्रेंच आहेत, कारण १६६१ मध्ये चौदाव्या लुई राजाने पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली आणि या कलेचे नियम तिथे बसवले गेले. म्हणजे आमच्या हॉलमध्ये ती कोणाचीच मातृभाषा नव्हती. मग मराठीचं काय वाईट? 'प्लिए' म्हणजे नुसतं 'वाकवलेलं'. मी म्हटलं, "पाठ भिंतीला लाव, टाचा खाली टेकव आणि हळूच घसर." 'तांद्यू' म्हणजे 'ताणलेलं'. "पावलाने लादीवर रेघ ओढ." चिऊ नुसती बघत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र तिने आजीचा पदर बारसारखा धरला आणि दारातच गुडघे वाकवले. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

आणखी एका शनिवारी तिने अचानक विचारलं, "दीदी, तुला फुगडी येते?"

खरंच येत नव्हती.

"ये, शिकवते," असं म्हणून ती माझा हात धरून सरळ हॉलच्या मधोमध गेली. "पाय जुळव. हात घट्ट धर. घाबरू नकोस, मी धरलंय ना!" तिसऱ्या गिरकीला मी धपकन पडले. सगळा क्लास हसला, या वेळी माझ्यावर. सगळ्यात जास्त चिऊ हसली. दारात आजी डोळे पुसत होत्या.

आता ती दुसऱ्या रांगेत उभी असते. पुढे बॅले करेल की दोन वर्षांनी स्केटिंगला जाईल, कोण जाणे. २०२० साली आलेला 'ये बॅले' सिनेमा मुंबईतल्या ज्या दोन मुलांवरून सुचला, तीही किशोरवयातच या नाचाकडे वळली होती. घाई कोणालाच नाही.

जाता जाता एक कबुली. फर्स्ट इयरला माझ्या बाकावर मराठी मिडियमची एक मुलगी बसायची. तिने काही विचारलं की मी म्हणायचे, "इंग्लिशमध्ये बोल ना यार, सवय होईल." थोड्याच दिवसांत तिने विचारणंच बंद केलं. मी तेव्हा मदतच करत होते, असं मला वाटायचं. हा लेख तिने वाचला, तर तिने कँटीनला यावं. चहा माझ्याकडून. आणि बोलू मराठीतच.