रंगाखालची चीर

मराठवाड्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीच्या पोरींना सायकली मिळाल्या. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पोरींना. आमच्या वस्तीतल्या पोरी हिमायतनगरच्या शाळेत जाऊ लागल्या त्या ह्याच सायकलीवर. माझ्या भाचीची सायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला समोरून धडकली. पोर वाचली. आता सायकल भंगारात घातली तर शाळा सुटणार. चालवली आणि उतारावर मोडली तर पोरीचं तोंड फुटणार.

मिस्त्री मनला, "काय होत न्हाई. वेल्डिंग मारून वरून रंग देतो."

दाजी मनले, "त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय."

हे वाक्य आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी ऐकलंय. बुद्धानं कालामांना सांगितलं होतं, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. मी मनलं, "दाजी, आपण बघू."

पोलादाची नळी बहुतेक वेळा मोडायच्या आधी सांगते. वाकते, चेपते, चिरते. समोरची धडक हँडलच्या नळीमागं बसते. तिथं दांडीच्या पोटाखालून बोट फिरवलं. सुरकुती लागली. वरचा रंगही तडकलेला. रंग खरवडला. मग डिझेल चोळलं, कोरडं पुसलं, भाचीच्या दप्तरातला खडू कुटून वर भुरभुरला. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात चाकांचे आस असेच तेल आणि खडूनं तपासत. चिरेत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि भुकटी भिजते. थोड्या वेळात केसाएवढी ओली रेघ उमटली.

निकाल लागला. सुरकुतलेल्या नळीवर वेल्डिंग भरवशाचं नसतं. पातळ नळी डागाच्या बाजूला तापून कमजोर होते, नवी चीर तिथूनच निघते. आणि वरून रंग मारला की ती दिसतही नाही.

पण चाकं, चेन, पायडल धड होते. भंगारातून त्याच मापाची जुनी फ्रेम आणली. तिला भाचीनंच डिझेल लावलं, भुकटी टाकली, बराच वेळ डोळे लावून बसली.

"मामा, रेघ न्हाई."

"दोरी लावून बघ."

तिनं हँडलच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी ताणली. सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्हीकडं सारखं भरलं. फ्रेम सरळ होती. मग चाकं चढवली.

गड्यांनो, रंग मारून देणारे गावोगाव बसलेत. खडू आपल्या पोरींच्या दप्तरात आहे.