आक्काची सही आणि टीएसएच

आज थोडं आजारपणाबद्दल लिहितोय. आपल्या घरांत सत्तरीच्या पुढचं माणूस आणि थायरॉइडची गोळी या दोन गोष्टी बहुधा एकत्रच सापडतात, त्यामुळे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी इंदूरचा. १९७२ ला बी.कॉम. झालो, मग सारी नोकरी बँकेत. माझी मोठी बहीण, आमची आक्का, १९६७ साली लग्न होऊन बडोद्याला दांडिया बाजारात गेली ती तिथलीच झाली. माहेरचं इंदुरी मराठी आणि बडोद्याची गुजराती यांची तिनं अशी मिसळ केलीय की ‘चालशे गं, होऊन जाईल’ हे वाक्य तिच्या तोंडी कायम. पंधरा वर्षांपूर्वी तिला थायरॉइड निघाला. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि सगळं सुरळीत चालू होतं. दरवर्षी टीएसएच तीनच्या आसपास यायचा.

एप्रिल २०२४ मध्ये भाच्याचा फोन आला. ‘मामा, आईचं आता काही खरं नाही. परवा दुसऱ्यांदा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. दूधवाल्याला दोनदा पैसे देते, नावं विसरते, दिवसभर बसल्या जागी डुलक्या काढते. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून घ्यावी म्हणतो. आणि हे घर बंद करून वासणा रोडला फ्लॅट बघावा.’ भाचा वाईट नाही हो. एकुलता एक मुलगा, पन्नाशी उलटलेली, नोकरी, त्यात हे. पण आक्काची सही मी लहानपणापासून बघतोय. शेवटच्या अक्षराला ती जो झोका देते तो सहजासहजी जाणारा नाही. अवंतिका एक्स्प्रेस पकडली आणि गेलो.

आक्काला पाहिलं आणि चरकलो. बडोद्याचा एप्रिल, आणि ही अंगावर शाल घेऊन बसलेली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. मला ओळखलं, पण ‘कधी आलास’ हे तीनदा विचारलं. ७९ वर्षांच्या बाईला कुणीही म्हातारचळ म्हणेल. घरच्यांनी म्हटलं यात नवल नाही.

जुनी खोड म्हणून मी फाइल मागितली. रिपोर्ट होते, चिठ्ठ्या होत्या, पण सगळं उलटसुलट. एका कागदावर तारखांच्या क्रमानं मांडलं. २०२२ : टीएसएच ३.१, गोळी ७५. फेब्रुवारी २०२३ : बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं, कॅल्शियम सुरू. जुलै : टीएसएच ११.८, गोळी १००. नोव्हेंबर : १६.४, गोळी १२५. जानेवारीत हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी, आणि तिनं पोटात जळजळ होते म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी. मार्च २०२४ : टीएसएच १९.३. म्हणजे खात्यात भरणा वाढतोय आणि शिल्लक घटतेय. बँकेत असं दिसलं की आम्ही खातेदाराला बोल लावत नसू, आधी व्हाउचर काढायला सांगत असू.

इथे टीएसएचचा उलटा हिशोब सांगायला हवा, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. टीएसएच थायरॉइड ग्रंथीतून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा तगादा आहे. ग्रंथी कमी माल देते तेव्हा तगादा वाढतो, जास्त देते तेव्हा तगादा बंद. म्हणून आकडा मोठा म्हणजे थायरॉइड कमी पडतोय, आणि आकडा शून्याजवळ म्हणजे जास्त झालाय. शिवाय हा तगादा फार हळवा आहे. रक्तातलं टी-४ थोडंसं हललं तरी टीएसएच कितीतरी पटीनं उसळतो.

भाच्याकडे आणखी एक घोळ होता. एका लॅबनं फ्री टी-४ ०.६२ दिला होता, आठवड्याभरानं दुसऱ्या लॅबनं ८. ‘मामा, बघा, वाढलं की!’ वाढलं कुठलं. पहिल्याचं माप नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसऱ्याचं पिकोमोल प्रति लिटर. पहिल्याला सुमारे १२.९ नं गुणा, दुसरा येतो. रुपये आणि डॉलर एकाच रकान्यात लिहिले तर श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, तसलाच प्रकार. दोन्ही आकडे सारखेच कमी होते.

तो कागद घेऊन आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद दोन मिनिटं वाचला आणि आधी वजन विचारलं. ५२ किलो. म्हणाल्या, ‘ग्रंथी पूर्ण बंद असली तरी किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे ८३. यांना १२५ देऊनही टीएसएच १९ आहे, तर गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाही. सकाळी काय काय घेतात?’

सूनबाईंनी पर्समधून गोळ्यांचा डबा काढला. सात दिवसांचे सात कप्पे, अगदी टापटीप. आई विसरतात म्हणून तिनं सगळ्या गोळ्या सकाळच्या कप्प्यात भरल्या होत्या : थायरॉइड, कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटी. आणि वरून दुधाचा चहा. कॅल्शियम आणि लोह ही गोळी आतड्यातच धरून ठेवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. पोटातलं आम्ल कमी झालं तरी ती नीट शोषली जात नाही. चहा-कॉफीनंही शोषण घटतं. सून बिचारी रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तुम्ही रोज न चुकता देताय, तेच कठीण असतं. वेळा बदलायच्या आहेत, एवढंच.’ तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि कुणी आधीची बघायला मागितली नाही, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीच आपला मनात बोललो.

मग वेळापत्रक ठरलं. आक्का पहाटे साडेपाचला उठते. तेव्हा थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा साडेसहानंतर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी. अ‍ॅसिडिटीची गोळी आता लागतच नाही हे बघून त्यांनी ती बंद केली. आणि थायरॉइडची मात्रा १२५ वरून ८८ केली. भाचा म्हणाला, टीएसएच १९ असताना कमी कशी करता? त्यांनी सांगितलं की वाट मोकळी झाली की १२५ सगळी रक्तात उतरेल, आणि या वयात ते हृदयाला झेपायचं नाही. हे मला लगेच पटलं, कारण इथे नेहरू पार्कातल्या आमच्या फिरायच्या कंपूतले एक मित्र कोलेस्टेरॉलसारखं थायरॉइडचंही ‘जितकं कमी तितकं बरं’ समजून ०.०५ टीएसएच कौतुकानं सांगायचे. पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, दवाखान्यात ठेवावं लागलं. हाडंही ठिसूळ होतात म्हणे त्यानं. आधीच मनगट मोडलेल्या बाईला ते कशाला!

उठताना बाईंनी एक प्रश्न टाकला, केसांसाठी बायोटिन वगैरे घेता का? घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर त्यानं टीएसएच खोटा कमी दिसतो.

मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासायचं, हे भाच्याला पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. त्याला दर रविवारी रिपोर्ट हवा होता. या औषधाचं अर्धं आयुष्य सुमारे सात दिवसांचं. रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि पिट्युटरीचा तगादा त्यामागून सावकाश उतरतो. तिमाही संपायच्या आत ताळेबंद मागणारे साहेब मी पाहिलेत, त्यांचीच आठवण झाली.

जूनमध्ये ६.९ आला. लॅबनं ठळक अक्षरांत वर जाणारा बाण काढलेला. भाचा लगेच, ‘१०० करायची का?’ बाई म्हणाल्या, थांबा. रिपोर्टावर छापलेली ०.४ ते ४ ही मर्यादा तरुणांना धरून असते, सत्तरी-ऐंशीत ४ ते ६ चालतं. सप्टेंबरमध्ये ४.८, फ्री टी-४ १.१. गोळी तीच, ब्रँडही तोच ठेवला.

शाल जुलैतच गेली होती. आवाज मोकळा झाला, आणि शेवउसळ तिखट नाही म्हणून तिनं सुनेशी वाद घातला तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. सगळं परत आलं असं मात्र नाही. नावं अजून अडकतात, एकदा गॅस चालू राहिला. डॉक्टर म्हणतात, एवढं वयाचं असू शकतं, पुढे स्मरणशक्तीची वेगळी तपासणी करू. ते आम्ही मान्य केलंय.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी झाली नाही. आक्कानं स्वतः शाखेत जाऊन खातं भाच्याबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घेतलं. नमुना सही पुन्हा दिली, झोक्यासकट. फ्लॅटचं म्हणाल तर विषय अजून संपलेला नाही. जिना चढवत नाही हे तीही कबूल करते, आणि लगेच ‘चालशे’ म्हणते.

पुढची तपासणी मार्चमध्ये. रक्त घ्यायला येणारा मुलगा सकाळी सातला यायचं कबूल झालाय. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ चढलेला दिसतो, म्हणून त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर. सूनबाईंनी तसं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.